माझ्या नावाची बाटली

४ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद लिहीत बसत नाही. सहा वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस, तेव्हा ती तुझ्यापर्यंत पोचतात की वाटेतच कुणी काढून घेतं, कोण जाणे. फोन करता येत नाही. मला ऐकू येत नाही आणि तू मामाचा फोन उचलत नाहीस. म्हणून कागद.

हे तुझ्या बापाला दाखवू नकोस. माझं अक्षर बघूनच त्याचं तोंड आंबतं. त्यात त्याचं चुकतं असं माझं म्हणणं नाही, पण दाखवू नकोस.

इकडे सगळे आपापल्या जागी आहेत. मामाचं पोट वाढतंय. मामी अजून भांडी अशी आपटते की माझ्यासारखीलासुद्धा हादरा कळतो. माझे गुडघे गेले, दात गेले, जीभ राहिली. शहात्तर संपली.

काम असं. आमच्या शेजारी एक बाई आहे, माझ्याच वयाची. तिच्या नातेवाइकांत कुणी शिकलेलं आहे, त्यानं तिची तपासणी केली होती, तू माझी केलीस तशीच. रक्ताची आणि लघवीची. ती बाई विचारते, समजा त्या लघवीच्या बाटलीत काही गफलत झाली असेल, तर काय बिघडतं? रक्ताचा रिपोर्ट तर तिचा चांगला आला होता. मी म्हटलं, माझी नात ह्यातच आहे, विचारून सांगते. दोन ओळी टाक. बाईला काही घाई नाही.

धाकटी, तुझी मावशी, परवा येऊन गेली. मी विचारलं, चहा टाकू का, तर म्हणाली, "काय?" मला वाटलं माझाच आवाज बसला असेल, स्वतःचा आवाज मला कुठे कळतो. मग मामीनं विचारलं, तेव्हाही तिनं तोंडाकडे बघितलं आणि "काय?" म्हणाली. शिलाईच्या कारखान्यात काम करते ती. चाळीस मशिनी एकदम चालतात. त्यानंच असणार.

पाकिटात परत पाठवायचं पाकीट घातलंय, पत्ता घालून. तुला फक्त जीभ लावायची आहे चिकटवायला.

तुझी आजी


१९ मार्च

भिंगरी,

पाकीट आलं नाही.

धाकटीला दवाखान्यात ठेवलंय. थंडीत तिला साखर निघाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सगळ्यांना देतात त्याच. महिनाभर बरी होती. मग उलट्या. मग हातापायांतलं बळ गेलं, जिना चढायला बहिणीसारखा कठडा धरायला लागली. तुझी आई कशी चढायची, आठवतं ना तुला? परवा श्वास एवढा जोरात चालला की मामानं उचलूनच नेली. आता नाकाला नळी आहे, हाताला नळी आहे. मी बघून आले. चादर चांगली आहे, नीट उकळलेली. मी दवाखान्याच्या धोबीखान्यात होते तेव्हाची असती तर जास्त पांढरी असती.

डॉक्टर तरुण आहे, चांगला आहे. त्यानं तिला विचारलं, घरात आणखी कुणाला साखर आणि बहिरेपण दोन्ही आहे का? तिनं सांगितलं, बहिणीला होतं, ती गेली. आणि मग तिनं पिशवीतून डॉक्टरी मासिकात छापून आलेला तुझा तो कागद काढला. तीन वर्षं जपून ठेवलाय तिनं, प्लास्टिकच्या पाकिटात, कारण त्यात आपलं घर आहे. आमची नावं नाहीत, नुसते गोल आणि चौकोन. बायका गोल, पुरुष चौकोन. तुझ्या आईचा गोल काळा. माझा पांढरा. धाकटीचा पांढरा.

डॉक्टरांनी तो कागद पूर्ण वाचला आणि म्हणाले, आई स्वच्छ आहे, म्हणजे दोष थोरलीपासूनच सुरू झाला, तुमच्याकडे यायचं कारण नाही. तुमची साखर साधी आहे. कानाचं वेगळं बघू. आणि गोळ्या चालू ठेवल्या.

म्हणजे बघ, तुझा कागद. तू छापलास, म्हणून त्यांनी मानलं.

शेजारी बाई वगैरे कुणी नाही. हे तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. त्या बाटलीत मी पाणी घातलं होतं. जास्त नाही, थोडंसं. त्या दिवशी लघवी कमी झाली होती आणि बाटलीवर रेघ होती, तिथपर्यंत भरायला हवी होती. तेवढ्यानं तुझं मशीन फसलं असेल का, तेवढं सांग. सांगायचं तर मला नको, डॉक्टरांना सांग. नंबर खाली लिहिलाय.

ह्या वेळी जरा घाई आहे.

आजी


२४ मार्च

भिंगरी,

पाणी नव्हतं घातलं.

आता हे पत्र एकदाच लिहिणार आहे आणि वाचून न बघता पाकिटात घालणार आहे. वाचलं तर अर्धं खोडीन. नोंद करून पाठवतेय, सही घेतल्याशिवाय पोस्टमन देणार नाही.

सहा वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा शिकतच होतीस अजून. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसलीस आणि कागदावर लिहून लिहून मला समजावलंस. मला शाळा किती, तर चार बुकं, तीही धोबीखान्यातल्या पाट्या वाचता याव्यात म्हणून मोठ्या सिस्टरनं शिकवलेली. तरी मला कळलं, कारण तू माझ्या भाषेत सांगितलंस. शरीराच्या एकेका कणात शेकडो बारक्या भट्ट्या असतात. त्या जळतात म्हणून आपण चालतो, ऐकतो, श्वास घेतो. त्या भट्ट्या बापाकडून येत नाहीत, सगळ्या आईकडून येतात. आईच्या काही भट्ट्या बिघडलेल्या असल्या, तर कुठल्या मुलाच्या वाट्याला किती बिघडलेल्या येतील त्याला नेम नाही. थोड्या आल्या तर नुसते कान जातात. जास्त आल्या तर साखर, हृदय, मेंदू. तुझ्या आईच्या मांडीतला तुकडा दवाखान्यानं जपून ठेवला होता, त्यात तुला ते सापडलं होतं. आता कुठून आलं ते बघायचं होतं. माझ्याकडून आलं असेल, तर मामाला आणि धाकटीलाही जपायला हवं, असं तू म्हणालीस. अगदी ह्याच शब्दांत. मी ऐकलं नाही असं म्हणू शकत नाही, तू लिहून दिलं होतंस.

रक्त दिलं मी. त्यात काही निघालं नाही. मी लगेच टाळी वाजवली. तू म्हणालीस, आजी, थांब, रक्तातून हा डाग वयाबरोबर धुऊन निघतो, म्हातारपणी दिसतच नाही. लघवीत मात्र राहतो. लघवी हवी. आणि माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली बाटली माझ्या हातात दिलीस.

सकाळी मी ती भरली. माझीच भरली. मोरीच्या पायरीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत उभी राहिले.

तुला ठाऊक आहे मी काय सांगत फिरले होते. तुझी आई बहिरी व्हायला लागली तेव्हापासून मी सांगत आले, की जावयानं कानाखाली मारली म्हणून पोरीचा कान गेला. शेजारी सांगितलं, नात्यात सांगितलं. नऊ वर्षांची तू, तुझ्या शाळेतल्या बाईंनी तुला विचारलं आणि तू घरी जाऊन बापाला विचारलंस, बाबा, तुम्ही आईला मारलंत का? मग ती गेली तेव्हा माणसं जमलेली, त्यांच्यासमोर मी म्हटलं, मी धडधाकट मुलगी दिली होती, ह्यांनी ती अशी परत केली. घड्याळजी म्हणतात तुझ्या बापाला. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या चाकाला हात लावणारा माणूस. त्याचा हात कुणावर कसा उठेल, हे कुणालाही कळलं असतं. पण मी तिची आई. आईनं सांगितलं की लोक मानतात.

तेव्हा ती बाटली. ती गेली असती तुझ्याकडे, तर सगळं माझ्यावर आलं असतं. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या दारात टाकलेलं.

मामी झाडत होती. मी तिला म्हटलं, घरातल्या सगळ्यांची हवी आहे म्हणे, तुझीही दे. ती बिचारी काही न विचारता वाटीत घेऊन आली. माझी ओतून टाकली, बाटली विसळली, तिची भरली. झाकण घट्ट लावलं. चिठ्ठी माझीच होती.

तुला हे ऐकून किळस येईल. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही, हे खरं सांगते. धोबीखान्यात आम्ही हेच करायचो. बाळंतिणींच्या वॉर्डची चादर फाटली, की दुसऱ्या वॉर्डची घ्यायची, कोपऱ्यातला लाल दोरा उसवायचा, निळा घालायचा. वर वॉर्डातला माणूस फक्त दोरा बघतो. दोरा बरोबर, तर चादर बरोबर. बत्तीस वर्षांत एकानंही चादर उलगडून बघितली नाही. मला वाटलं, शिकलेली माणसंही दोराच बघत असतील.

बघितलाच की.

रिपोर्ट स्वच्छ आला. तू गोंधळलीस. म्हणालीस, म्हणजे आईतच पहिल्यांदा झालं असावं, कधीकधी होतं तसं. मी तिथेच थांबायला हवं होतं. तोंड थांबेल तर मी कसली. मी म्हटलं, माझ्याकडून नाही ना? मग तुझ्या बापाच्या दुकानातल्या त्या वासाच्या बाटल्यांनीच झालं असणार, घड्याळं धुतो त्यांनी. तू ओरडायला लागलीस की ते तसं होत नाही, जन्माआधीचं असतं. मला तुझे ओठ दिसत होते. तुझा बाप दारात उभा होता, तुला न्यायला आलेला. तो ओरडला नाही. त्यानं फक्त हात नाकाशी नेला आणि वास घेतला.

तू पिशवी उचललीस. पुढच्या महिन्यात दुकान बंद झाल्याचं मला मामानं सांगितलं. मी म्हटलं, हल्ली घड्याळं दुरुस्त करतो कोण.

आता आजचं. मी डॉक्टरांना स्वतः सांगायला गेले, दोनदा. पहिल्यांदा गेले तर मामी आत बसलेली, धाकटीचे पाय चोळत. मी फळं ठेवली आणि परत आले. आज दुपारी ते एकटे सापडले. मी सांगितलं, माझी तपासणी चुकीची आहे. त्यांनी माझ्या कानातलं यंत्र बघितलं, हसले, पाठीवर हात ठेवला आणि वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, "आजी, तुम्ही काळजी करू नका. तुमची तपासणी झालेली आहे. तुम्ही स्वच्छ आहात." मी म्हटलं, ती माझी नव्हती. त्यांनी त्याच ओळीखाली रेघ ओढली.

म्हाताऱ्या बहिऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार, आणि तोही छापील कागदाविरुद्ध. तुझ्यावर ठेवतील. तू सांग त्यांना की ती गोळी बंद करा. तू तेव्हा मला लिहून दिलं होतंस, की ह्या आजारात ती नेहमीची गोळी देत नाहीत, तिनं आंबट विष रक्तात साठतं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. मी तोही नेला होता. डॉक्टर म्हणाले, हे त्या आजारात. तुमच्या मुलीला तो नाही.

माझ्यावर राग धर, पण फोन आधी कर. नंबर पुन्हा खाली लिहिलाय.

आजी


२ एप्रिल

भिंगरी,

फोन आला म्हणे डॉक्टरांना. सव्वीस तारखेला, सकाळीच. गोळी त्याच तासाला बंद केली. दुसरं काहीतरी नळीतून चालू केलं. चार दिवसांनी धाकटीनं डोळे नीट उघडले. श्वास खाली बसला. डाव्या हाताची बोटं अजून वळत नाहीत, डॉक्टर म्हणतात वळतील, आणि मग म्हणतात बघू.

माझीही बाटली नेली. ह्या वेळी सिस्टर मोरीच्या दारात उभी होती, पाठ करूनसुद्धा नाही. तोंड करून. मी म्हटलं, बाई, माझ्या पोरींनीही मला असं बघितलेलं नाही. तिनं ऐकलं नाही, किंवा तिला सांगून ठेवलं असेल कुणी. धाकटीची घेतली, मामाची घेतली. धाकटीच्या मुलीची घ्यायचं चाललंय. एकोणीस वर्षांची आहे ती. तिनं विचार करायला वेळ मागितला. आमच्या घरात वेळ मागणारी ही पहिलीच.

डॉक्टरांना सांगितलंस, मला एक ओळ नाही. बरं. तेवढं मी कमावलंय.

मामामामींना सांगावं लागलं. मामा बाहेर जाऊन उभा राहिला. त्यालाही साखर आहे, तीच गोळी घेत होता. मामी मात्र जागची हलली नाही. पीठ मळत होती, मळतच राहिली. मग हात धुतले, वहीत लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. "बावीस वर्षं माझ्यातलं काही तुम्हाला चांगलं वाटलं नाही. तेवढं एक वाटलं."

हसू आलं मला. खरंच आलं. तिलाही आलं असतं, पण तिनं येऊ दिलं नाही.

रिपोर्ट आला की कळवते. तुला आधीच कळेल म्हणा.

आजी


११ मे

जावईबापूंस,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिली वेळ, तेव्हा काय म्हणून सुरू करायचं ते कळत नाही. लग्नात तुम्हाला मी काही म्हटलं होतं की नाही तेही आठवत नाही. घड्याळजीच म्हणत आले, आणि ते चांगल्या अर्थानं नाही.

तुमचं पत्र काल मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून मला वाटलं छापलेलं आहे, एवढं बारीक आणि सरळ. मी ते मामीकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं नाही. स्वतः वाचलं, भिंगानं, दुपार गेली.

म्हणजे भिंगरी वर्षभर इथे नाहीच. दुसऱ्या देशात, दुसऱ्या प्रयोगशाळेत. माझी पत्रं तुमच्या दारात पडत होती. मार्चमधली पहिली दोन तुम्ही तिच्या टेबलावर न फोडता ठेवलीत, कारण नाव तिचं होतं. तिसरं पोस्टमननं सही घेऊन दिलं, तेव्हा तुम्हाला वाटलं कुणी गेलं असेल, म्हणून फोडलंत. आणि त्यात पहिल्या कागदापासून तुम्हीच होतात.

तुम्ही लिहिलंय, "आई, परवानगी न घेता वाचलं, त्याबद्दल माफ करावं."

जावईबापू, हे वाक्य मी चार वेळा वाचलं. चारही वेळा वाटलं की तुम्ही मला जोड्यानं मारायला हवं होतं.

डॉक्टरांना फोन भिंगरीनं केलाच नव्हता तर. तुम्ही केलात. तिला तिकडे कळवायला वेळ गेला असता, म्हणून तुम्हीच आधी केलात. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? तुम्ही म्हणालात, थोरलीचा नवरा. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही म्हणालात, तिच्या आईनं सांगितलं आणि त्या खोटं बोलत नाहीयेत. डॉक्टरांनी मला तेव्हा हे शेवटचं वाक्य तेवढं लिहून दाखवलं, कोण बोललं ते नाही. मी समजले की भिंगरीच बोलली. माझ्या बाजूनं असं बोलणारं माणूस मला त्या घरात दुसरं कोण आठवणार.

निकाल तुम्हाला कळला असेल. माझ्यात आहे. बऱ्यापैकी आहे. धाकटीत माझ्याहून जास्त, मामात कमी. धाकटी घरी आली. आता दिवसातून तीन वेळा पोटात सुई टोचून घेते, हृदयाची पट्टी काढली ती ठीक आहे. कान गेलेत. डॉक्टर म्हणतात, पुढे कानाच्या आत तार बसवता येते, ह्या आजारात तिचा उपयोग होतो. थोरलीच्या वेळी असं कुणी म्हणालं नाही. तिच्या वेळी हे काय आहे तेच कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्या बाईला थोडं माहीत होतं ती दुसरंच सांगत होती. त्या बाईकडे येते.

धाकटीला मी स्वतः सांगितलं. दोघी बहिऱ्या, मध्ये वही. मी लिहीत गेले, ती पान उलटत गेली. सगळं वाचल्यावर तिनं पेन्सिल घेतली. तिची बोटं अजून नीट धरत नाहीत, म्हणून वेळ लागला. लिहिलं, "मला ऐकू येईनासं झालं, तेव्हा बोललीस." मग वही मिटली आणि भिंतीकडे वळली. मी तिच्याकडे आता जात नाही. मामी जाते.

तुम्ही लिहिलंय की भिंगरी तिकडून तो छापील कागद दुरुस्त करून घेतेय. त्यात "नमुन्यांची नकळत अदलाबदल" असं लिहायचं ठरलंय, म्हणजे कुणाला कमीपणा यायला नको. हा तुमचा सल्ला असणार. तिला सांगा, तसं लिहायचं नाही. नकळत नव्हतं. ते वाचून आणखी कुठला डॉक्टर आणखी कुणाच्या मुलीला गोळी देईल. लिहायचं, की बाईनं जाणूनबुजून दुसऱ्याचा नमुना दिला. नाव घालत नाहीत म्हणता, नाहीतर नावही घाला म्हटलं असतं.

आता जे भिंगरीला लिहिलं नव्हतं ते.

तिसऱ्या पत्रात मी असं लिहिलं, जणू सगळं सांगतेय. एक ठेवलं होतं. तुम्हाला वाटत असेल, म्हातारीला तेव्हा खरंच वाटत होतं की तुम्ही मारलंत. पोटची पोर बहिरी झाली, आईला कुणावर तरी राग काढायचा होता, काढला. तुमच्या पत्रात तुम्ही तसंच लिहिलंय. "तुमची समजूत झाली असेल, आई, मी कधी मनात धरलं नाही."

समजूत नव्हती झाली.

थोरली आली होती माहेरी, तिचा डावा कान नुकता जायला लागलेला. मी बाहेर कपडे वाळत घालत होते. ती पलीकडून दोरीवरचं फडकं बाजूला करून माझ्या तोंडासमोर आली, मला ओठ दिसावेत म्हणून. म्हणाली, "आई, तुझ्यासारखंच होतंय गं मला. आधी शिट्टी वाजते, मग त्या बाजूचं माणूसच नाहीसं होतं." अगदी तसंच झालं होतं मला, चाळिशीत. शिट्टी वाजली होती. मी सगळ्यांना सांगितलं होतं, धोबीखान्यातल्या मशिनीनं झालं. तिच्या घरात कुठली मशीन होती? टिकटिक करणारी घड्याळं होती, बस.

मी तिला म्हटलं, माझ्यासारखं काही होत नाही, गप्प बस. जावयानं मारलंय का तुला? ती हसली. मोठ्यानं हसली, जावईबापू. म्हणाली, "ते? त्यांना तर झुरळही बाहेर नेऊन सोडायला लागतं."

हे तिनं सांगितलं, माझ्या तोंडासमोर उभं राहून. त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा बाहेर सांगितलं की तुम्ही मारलंत.

तिला ते कधी कळलं, मला माहीत नाही. कळलं असणार. पुढे ती माहेरी आली की कमी बोलायची. मी म्हणायचे, ऐकू येत नाही म्हणून.

हे भिंगरीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. धाकटीच्या मुलीनं बाटली दिली परवा, स्वतःहून. निकाल काय येईल तो येईल. तिला कुणी असं म्हणायला नको की माझ्यासारखं काही होत नाही, गप्प बस. म्हणून लिहून ठेवलं.

तुमची माफी मी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल.

थोरलीची आई